तीस माशांचं वर्ष

अमेरिकेच्या दक्षिणेत बास माशाच्या हौशी स्पर्धांचा हंगाम फेब्रुवारीत उघडतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात आटोपतो. मग विभागवार गुणतक्ते लागतात. त्यात आपलं नाव शोधणाऱ्यांमध्ये वायरमन असतो, शाळामास्तर असतो, ट्रक चालवणारा असतो, निवृत्त पोलीस असतो. मासेमारीवर यांचं पोट चालत नाही; उलट यांच्या पगारावर मासेमारी पोसली जाते.

हंगामाचा हिशेब मोठा गमतीचा आहे. फिनिक्स बास फिशिंग लीग ही हौशी स्पर्धांच्या सर्वांत मोठ्या साखळ्यांपैकी एक. देशभर तिचे २४ विभाग, आणि प्रत्येक विभागात वर्षाला पाच स्पर्धा. त्यातल्या चार एकेका दिवसाच्या, शेवटची दोन दिवसांची. रोज काट्यावर जास्तीत जास्त पाच मासे ठेवता येतात. म्हणजे वर्षभराचा सगळा खेळ सहा दिवसांचा, आणि फार तर तीस माशांचा. यासाठी माणूस जी बोट घेतो तिची किंमत इंजिन आणि उपकरणांसकट सत्तर-ऐंशी हजार डॉलरच्या घरात सहज जाते. ती ओढायला पिकअप गाडी, दर खेपेला मोटेल, पेट्रोल, प्रवेश फी, शिवाय घरच्यांची नाराजी. पहिलं बक्षीस बहुधा काही हजार डॉलरचं, आणि त्यातलीही बरीचशी रक्कम स्पर्धकांच्याच फीमधून आलेली. पैसे कमावण्याचा मार्ग म्हणून याच्याइतका वाईट मार्ग शोधून सापडणार नाही. तरी दर हंगामात रांगा लागतात. त्या का लागतात, हे समजायचं तर आधी मासा पाहायला हवा.

बास म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी. स्पर्धांमध्ये त्याच्या तीन जाती मोजल्या जातात : लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड. लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, पाठ हिरवट, कुशीवर काळपट पट्टा. बुडालेली झाडं, पाणगवत, धक्क्यांखालची सावली अशा ठिकाणी तो दबा धरून बसतो आणि समोरून जाणाऱ्या माशावर, बेडकावर, झिंग्यावर झडप घालतो. आपल्याकडच्या तळ्यांत हे काम मरळ करते. दोन-सव्वादोन किलोचा, म्हणजे पाच पौंडी बास मिळाला तर तो दिवस चांगला गेला असं मानतात. खायला तो वाईट नाही, पण स्पर्धेतला बास कुणी खात नाही. तो वजन करून परत पाण्यात सोडायचा असतो. सन २०१६च्या सरकारी पाहणीत सुमारे ९६ लाख अमेरिकनांनी वर्षभरात या जातीच्या माशासाठी गळ टाकल्याचं सांगितलं होतं. त्यातले बहुसंख्य लोक स्पर्धेच्या वाटेला कधी जात नाहीत. जे जातात, त्यांची वाट एका विमा एजंटाने आखून दिलेली आहे.

रे स्कॉट हा अलाबामातल्या मॉन्टगोमरीचा. मार्च १९६७मध्ये तो मिसिसिपीतल्या जॅक्सनला मासे धरायला गेला आणि पावसाने बेत बुडवला. मोटेलच्या खोलीत टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना लागला होता. तो बघता बघता त्याच्या डोक्यात आलं, की मासेमारीचाही असा शिस्तशीर, नियमांत बांधलेला सामना का असू नये? त्याच वर्षी जूनमध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर त्याने स्पर्धा भरवली. शंभर डॉलर फी भरून १०६ जण आले. टेनेसीचा स्टॅन स्लोन जिंकला. पुढे देशभर टीव्हीवर गाजलेला बिल डान्स याने त्या स्पर्धेतला पहिला मासा धरला असं मानलं जातं.

स्पर्धा स्कॉटच्या आधीही होत होत्या, पण त्यांचं नाव खराब होतं. कुणी आदल्या दिवशी मासे धरून पिंजऱ्यात लपवून ठेवी, कुणी बाजारातून आणी. स्कॉटने त्यावर साधी युक्ती काढली. एका बोटीत दोन अनोळखी माणसं बसवायची, म्हणजे दोघांचा एकमेकांवर पहारा. सन १९७१मध्ये त्याने ‘बासमास्टर क्लासिक’ ही वर्षअखेरीची मोठी स्पर्धा सुरू केली, तेव्हा २४ स्पर्धकांना विमानात बसवलं आणि विमान उडाल्यावरच सांगितलं, की आपण नेवाडातल्या लेक मीडला चाललो आहोत. आधी जाऊन जागा हेरून ठेवायची सोयच ठेवली नाही. बॉबी मरे जिंकला आणि दहा हजार डॉलर घेऊन घरी गेला. दुसरा-तिसरा कुणी असो, त्याच्या हाती काही नाही.

स्कॉटने मासिक काढलं, सभासद जमवले, गावोगावी क्लब उभे केले, क्लबांचे राज्यवार महासंघ केले. नद्या घाण करणाऱ्या दोनशेहून जास्त कारखान्यांवर त्याने दावे गुदरले, आणि १९७२पासून मासा जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. त्याआधी स्पर्धेच्या शेवटी मेलेल्या माशांच्या माळा टांगून फोटो काढायची पद्धत होती. २०२२मध्ये स्कॉट वारला, पण त्याने घातलेली चौकट फारशी हललेली नाही.

स्पर्धेचा दिवस अंधारात सुरू होतो. पहाटे पिकअप गाड्या रांगेने उतारावर येतात, मागच्या ट्रेलरवरची बोट पाण्यात सोडतात आणि दिवे विझवून बाजूला होतात. बोटीतली माशांची टाकी रिकामी आहे ना, हे संयोजक बॅटरीच्या उजेडात झाकण उघडून बघतात. या टाकीला लाइव्हवेल म्हणतात. तिच्यात पंपाने सतत ताजं पाणी आणि हवा खेळती ठेवलेली असते. जीवरक्षक जाकीट अंगात, आणि इंजिनची दोरी त्यालाच अडकवलेली. चालवणारा पाण्यात फेकला गेला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरने बोट पळवतं, त्यामुळे ही दोरी शोभेची नाही. राष्ट्रगीत होतं, नंबर पुकारले जातात आणि बोटी एकेक करून सुटतात.

बोटीत पुढे मालक, मागे ‘को-अँगलर’. त्याची फी मालकाच्या जवळपास निम्मी, बक्षिसंही वेगळी. पुढचा माणूस पायाखालच्या पेडलने विजेची छोटी मोटर चालवतो आणि बोट कुठे जाणार, किनाऱ्यापासून किती लांब राहणार हे तोच ठरवतो. मागच्याच्या वाट्याला पुढच्याने आधीच चाळलेलं पाणी. या जागेवर बसून दोन-तीन हंगाम काढलेली माणसं सांगतात, की मासेमारी खरी तिथेच कळते, कारण पुढच्याने जे टाकलं त्याहून वेगळं काहीतरी टाकल्याशिवाय मागच्याला मासा मिळतच नाही. काही जण हौसेने वर्षानुवर्षं मागेच बसतात. बोटीचा हप्ता नाही, हा फायदाही लहान नव्हे.

पाच मासे टाकीत पडले म्हणजे दिवस संपला असं नाही. सहावा लागला तर पाचातला सर्वांत हलका सोडून द्यायचा. दिसायला सारख्या माशांतला हलका कोणता, हे नजरेने सांगणं अवघड, म्हणून प्रत्येकाच्या जबड्याला वेगळ्या रंगाची चिमटी लावतात. समजा पिवळीवाला दोन पौंड दोन औंस, निळीवाला दोन पौंड सहा. नवा मासा हातकाट्यावर दोन पौंड चार भरला, तर पिवळी निघाली आणि दोन औंसांची, म्हणजे साधारण ५७ ग्रॅमची कमाई झाली. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण स्पर्धांचे निकाल पाहिले तर पैसे मिळालेला शेवटचा आणि न मिळालेला पहिला यांच्यात पुष्कळदा इतकाच फरक असतो.

परतायची वेळ ठरलेली. स्कॉटने सुरू केलेल्या बासमास्टर स्पर्धांच्या नियमांत एक मिनिट उशीर झाला तर एक पौंड वजा, पंधरा मिनिटांच्या वर उशीर झाला तर सगळं शून्य. मासा मेलेला निघाला तर चार औंस कापतात. त्यामुळे वाऱ्यात लाटा उसळत असताना तीस मैलांवरून यायचं असेल, तर आणखी एक मासा की वेळेवर घर, हा हिशेब दुपारीच करावा लागतो. नवखे तो चुकवतात.

गुणपद्धतीचाही माणसांवर परिणाम होतो. प्रत्येक स्पर्धेत क्रमांकानुसार गुण मिळतात आणि वर्षअखेरीस बेरीज होते. एकदा पहिला येऊन दोनदा रिकाम्या हाताने परतलेला माणूस, दर वेळी पंधरावा-विसावा आलेल्याच्या मागे पडतो. मग ऑगस्टच्या उन्हात लोक मोठ्या माशाचा नाद सोडून जेमतेम मापाचे पाच मासे गोळा करत फिरतात.

हंगाम म्हणजे खरं तर माशाच्या आयुष्यातलं एक वर्ष, आणि स्पर्धांच्या तारखा त्याच्यावर पडलेल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी थंड असतं, पण दिवस मोठा होऊ लागला की खोल पाण्यातले मासे विणीसाठी उथळाकडे सरकू लागतात. माद्या अंड्यांनी भरलेल्या, वजनदार आणि भुकेल्या. वर्षातली मोठमोठी वजनं याच दिवसांत पडतात. फेब्रुवारी २०१४मध्ये अलाबामातल्या लेक गंटर्सव्हिलवर क्लासिक झाली. कनेटिकटचा पॉल म्युलर हौशी क्लबांच्या फळीतून तिथे पोचला होता. एका दिवशी त्याने पाच माशांचं ३२ पौंड ३ औंस वजन केलं, तो क्लासिकमधला एका दिवसाचा विक्रम ठरला. तरीही शेवटी तो दुसरा आला. रँडी हॉवेलचे तीन दिवसांचे ६७ पौंड ८ औंस, म्युलरचे ६६ पौंड ८ औंस.

पाणी सोळा-सतरा अंशांच्या पुढे गेलं की वीण सुरू होते. नर शेपटीने तळावरची माती झाडून ताटाएवढं घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पहारा नराच्या गळ्यात पडतो. तो खायला म्हणून नव्हे, तर घरट्यात शिरलेल्याला हाकलायला आमिष तोंडात धरतो. स्वच्छ पाण्यात घरटं दिसतं, त्यामुळे काही स्पर्धक एकाच माशापुढे तासभर ठाण मांडतात. याला विरोध करणारेही पुष्कळ. नर उचलून नेला, की छोटे ब्लूगिल मासे अंड्यांवर तुटून पडतात. उत्तरेकडच्या काही राज्यांत विणीच्या काळात बास धरायला बंदी किंवा मर्यादा असते, आणि तिथल्या क्लबांचा हंगाम उशिरा उघडतो. दक्षिणेत मात्र बहुतेक ठिकाणी अशी बंदी नाही. वीण करणारे मासे पुरून उरतात, असं तिथल्या जाणकारांचं म्हणणं. या वादात दोन्ही बाजूंकडे शास्त्रज्ञ आहेत.

उन्हाळ्यातला खेळ सर्वांत डोकं खाणारा, आणि तो टेनेसी नदीवर बघावा. सन १९३३मध्ये रूझवेल्टच्या काळात टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली आणि या नदीवर धरणांची माळ उभी राहिली. गंटर्सव्हिलचं धरण १९३९चं, केंटकी धरण १९४४चं. शेतं, रस्ते, ओढ्यांचे काठ पाण्याखाली गेले. नदीचं जुनं पात्र मात्र तळाशी जसंच्या तसं आहे, आणि पात्राचा काठ जिथे एकदम खोल उतरतो त्या कडांवर जून-जुलैत बासचे थवे जमतात.

हे मासे दिवसभर तिथेच असतात, पण खातात मात्र पाणी वाहू लागल्यावर. आणि पाणी वाहतं ते धरणातल्या जनित्रांमुळे. दुपारी उकाडा वाढला, घरोघरचे एसी सुरू झाले, विजेची मागणी चढली, की टर्बाइनं फिरतात आणि सबंध जलाशयात ओढ तयार होते. ओढीबरोबर शॅड नावाचे छोटे चंदेरी मासे कडेवरून वाहत येतात, बास प्रवाहाकडे तोंड करून ओळीत उभे राहतात, आणि जिथे तीन तास काहीही हललं नव्हतं तिथे ओळीने दहा मासे लागतात. ऑथॉरिटी धरणांतून किती पाणी सुटणार याचे अंदाज जाहीर करते. हौशी मासेमार हवामानाच्या आधी तेच उघडून बघतो. शनिवारी कारखाने बंद, विजेची मागणी कमी, म्हणून ओढ कमी. आणि हौशी लोकांच्या स्पर्धा बहुतेक शनिवारीच. आठवडाभर सरावात मिळालेले मासे ऐन स्पर्धेच्या दिवशी तोंड का मिटून बसले, याचं उत्तर कैक वेळा वीजमंडळाच्या तक्त्यात सापडतं.

याच नदीवर चिकामॉगा जलाशयाच्या काठी डेटन नावाचं लहानसं गाव आहे. शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल १९२५मध्ये एका शिक्षकावर जो जगप्रसिद्ध खटला चालला, तो इथलाच. आज गाव स्वतःची जाहिरात करतं ती बास माशांच्या नावाने. स्पर्धेच्या आठवड्यात मोटेलं भरतात आणि पहाटे चारला नाश्त्याची दुकानं उघडतात.

शरद ऋतू त्या मानाने दमवणारा. वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, तळाचं वर येतं, शॅडचे थवे ओढ्यांच्या टोकांकडे निघतात आणि त्यांच्यामागे बास चहूकडे विखुरतात. काल जिथे होते तिथे आज नसतात. ऑक्टोबर २०११मध्ये गंटर्सव्हिलवरच पॉल एलायस या मुरलेल्या व्यावसायिकाने एक विचित्र आमिष वापरलं. छत्रीच्या काड्यांसारख्या पाच तारा आणि प्रत्येकीच्या टोकाला एक रबरी मासोळी. पाण्यातून ओढलं की लहान थवाच चालल्याचा भास. चार दिवसांत त्याने १०२ पौंड ८ औंस वजन केलं. ‘अलाबामा रिग’ म्हणून ते आमिष ओळखलं जाऊ लागलं आणि दुकानांतून बघता बघता संपलं. बासमास्टरने आपल्या वरच्या स्पर्धांत लगेच त्यावर बंदी घातली, हौशी साखळ्यांत मात्र ज्याच्या त्याच्या नियमाप्रमाणे ते चालू राहिलं. हौशी माणसाच्या सामानाच्या पेटीत अशी एकेका हंगामात गाजलेली आणि नंतर गंजलेली आमिषं ढिगाने असतात.

हौशी हंगामांच्या आठवणी निघाल्या, की एक नाव हमखास येतं. ब्रायन कर्शल हा कनेटिकटमधल्या न्यूटाउनचा. तिथे दक्षिणेसारखे अवाढव्य जलाशय नाहीत, हिवाळा लांब, आणि बासच्या दुनियेत उत्तरेकडच्यांना कुणी फारसं मोजत नसे. ब्रायन एका रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी होता. क्लबमध्ये शिरला, क्लबातून राज्याच्या संघात, तिथून प्रादेशिक फेरीत आणि मग महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत. या शिडीच्या वरच्या पायरीवर मोजक्या हौशी माणसांना थेट क्लासिकमध्ये जागा मिळते. देशातल्या नामांकित व्यावसायिकांच्या बरोबरीने, त्याच पाण्यात, त्याच काट्यावर. दुसऱ्या कुठल्या मोठ्या खेळात गावच्या क्लबातला माणूस इतका सरळ वर जात असेल असं वाटत नाही, आणि या खेळाने जपलेली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती असेल तर ती हीच.

कर्शल १९९३मध्ये अलाबामातल्या लोगन मार्टिन लेकवर क्लासिकला पोचला आणि शेवटचा आला. व्यावसायिक शेवटचा आला तर पुढच्या वर्षी त्याच्या साखळीत त्याची जागा असते. हौशी माणसाला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. क्लब, राज्य, प्रदेश, राष्ट्रीय, सगळं परत. एकदा ही शिडी चढणारेच थोडे. लागोपाठ दोन वर्षं चढणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कर्शल चढला. सन १९९४ची क्लासिक भर उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या हाय रॉक लेकवर होती. त्याने आपलं पाणी निवडलं ते घरांपुढच्या खासगी धक्क्यांचं. धक्क्याखाली सावली असते, सावलीत मासा असतो, आणि तिथवर आमिष पोचवायचं तर ते फळ्यांच्या खालून, पाण्याला जेमतेम चाटत सरकवावं लागतं. तांबूस-काळा रबरी किडा, हळू, तळाला टेकवत. बाकीचे लेकभर धावत असताना तो धक्क्यामागून धक्का करत राहिला आणि अवघ्या काही औंसांनी क्लासिक जिंकला. क्लबांच्या फळीतून येऊन ती जिंकणारा तो पहिला. वय २३.

त्या वर्षी १३ डिसेंबरला प्रायोजकाच्या कार्यक्रमाहून परतताना तो ज्या विमानात होता, ते नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले-डरहम विमानतळाजवळ कोसळलं. विमानात वीस माणसं होती, पंधरा दगावली, त्यांत कर्शलही होता. आज महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या विजेत्याला जो चषक मिळतो, तो त्याच्या नावाचा आहे. पुढे म्युलर क्लासिकच्या विजेतेपदापासून पौंडभर लांब राहिला, तेव्हा कनेटिकट म्हटल्यावर लोकांना कर्शलची आठवण न येती तरच नवल.

काट्यावर पैसा ठेवला, की लबाडीही येतेच. सन २००९मध्ये टेक्सासच्या लेक रे हबर्डवर पहिलं बक्षीस होतं ५५ हजार डॉलरची बोट. एकाने आणलेला मोठा बास टाकीत सोडला, तर तो पोहण्याऐवजी धोंड्यासारखा तळाला गेला. आत शिशाचं वजन निघालं. टेक्सासात मासेमारी स्पर्धेतली फसवणूक हा फौजदारी गुन्हा आहे आणि बक्षीस दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर तो गंभीर गुन्ह्यांत मोडतो. त्या गृहस्थाने पंधरा दिवस तुरुंगात काढले. अनेक स्पर्धांच्या प्रवेशअर्जात आजही एक कलम असतं : मागितल्यास खोटं पकडणाऱ्या यंत्राची चाचणी द्यावी लागेल. शनिवारच्या विरंगुळ्यासाठी आलेला शाळामास्तर त्याखाली निमूटपणे सही करतो.

मासा सोडण्याची गोष्ट बोलायला सोपी आहे. खोल पाण्यातून वर ओढलेल्या बासची हवेची पिशवी फुगते आणि तो उताणा तरंगू लागतो. मग सुई टोचून हवा काढावी लागते, तीही शिकलेल्या हाताने. जुलैच्या उन्हात दिवसभर टाकीत काढलेला मासा सोडताना पोहत जातो, पण दोन-तीन दिवसांनी मरू शकतो, आणि तो कुणाच्या खात्यात धरला जात नाही. शिवाय जलाशयाच्या दहा टोकांहून आणलेले मासे एकाच धक्क्यावर सोडले जातात. सगळेच काही आपल्या मूळ जागी परत जात नाहीत. म्हणून उन्हाळ्यात अनेक संयोजक टाकीत बर्फ घालायला सांगतात, किंवा बोटीने मासे लांब नेऊन सोडतात. कयाकमधून स्पर्धा खेळणाऱ्यांनी यातून चांगली वाट काढली आहे. ते मासा मोजपट्टीवर ठेवतात, शेजारी त्या दिवशीच्या सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी, एक फोटो, आणि मासा जिथल्या तिथे पाण्यात. विजेता वजनावर ठरत नाही, लांबीवर ठरतो. शंभर-दीडशे मासे धक्क्यावर आणण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं.

मासा सोडण्याची ही रीत जुनीही नाही आणि सगळीकडची तर नाहीच. जॉर्जियातल्या जॉर्ज पेरीने २ जून १९३२ला २२ पौंड ४ औंसांचा बास धरला आणि घरच्यांनी तो खाल्ला. मंदीचे दिवस होते. वजनाचा तो जागतिक विक्रम ७७ वर्षं टिकला, आणि त्याला गाठलं ते थेट जपानात, बिवा सरोवरावर, मानाबू कुरिता याने २ जुलै २००९ला. कुरिताचा मासा औंसभराने जास्त भरला, पण विक्रम मोडायला दोन औंस लागतात, म्हणून दोघे बरोबरीत. बास तिथे परका. १९२५मध्ये तो अमेरिकेतून नेला गेला आणि त्याने देशी मासे फस्त केले, त्यामुळे बिवा सरोवरात धरलेला बास परत पाण्यात सोडायला कायद्याने मनाई आहे. अमेरिकेत ज्या सद्गुणाबद्दल पाठ थोपटली जाते, तोच तिथे नियमभंग ठरतो.

सध्या हौशी मंडळींमध्ये सर्वांत जास्त भांडण आहे ते सोनारच्या पडद्यावरून. पाण्याखालचं टिपणारा हा सोनार बोटीवर आला त्याला साठ वर्षं उलटून गेली. कार्ल लॉरन्सने १९५०च्या दशकाच्या अखेरीस मासे दाखवणारी डबी बाजारात आणली, तेव्हाही जुन्या लोकांनी नाकं मुरडली होती. पण २०१८मध्ये गार्मिनने ‘लाइव्हस्कोप’ आणला आणि चित्र पालटलं. बोटीपुढचा मासा, त्याच्याकडे जाणारं आमिष, माशाने वळून बघणं, पाठलाग करणं, तोंड फिरवणं, सगळं त्याच क्षणी पडद्यावर. भर जलाशयात एकेकटे तरंगणारे मासे, ज्यांच्या वाटेला कधी कुणी गेलं नव्हतं, ते आता शिकारीच्या टप्प्यात आले.

ज्यांनी वीस-तीस वर्षं कडा, ओढे, पाण्याची ओढ आणि शॅडच्या सवयी पाठ केल्या, त्यांना शाळेतून नुकता बाहेर पडलेला पोरगा पडद्याकडे मान घालून हरवतो. ही पोरं काही कमी तयारीची नाहीत. इलिनॉयच्या शालेय क्रीडा संघटनेने २००९मध्ये बास मासेमारीची राज्य स्पर्धा सुरू केली, इतर राज्यांनी तिचं अनुकरण केलं, महाविद्यालयांचे संघ झाले. ही पोरं पडदा बघतच वाढली. पण हा पडदा, त्याचा ट्रान्सड्यूसर आणि बॅटऱ्या मिळून काही हजार डॉलर होतात, आणि हौशी स्पर्धेत खिशाची खोली हाच निकाल ठरू लागला तर पैसेवाल्यांखेरीज कुणी उरणार नाही, ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. व्यावसायिक साखळ्यांनी २०२५पासून या सोनारावर वेगवेगळे निर्बंध घातले. कुणी बोटीवर एकच, कुणी दिवसाच्या ठरावीक वेळेपुरता, तर एकीने पूर्ण बंदी.

हौशी क्लबांना मात्र आपापला निर्णय आपणच घ्यावा लागतो. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक हातात पडलं, की थंडीतल्या सभेत आधी तारखांवरून खडाजंगी होते : जूनमध्ये टेनेसीची धरणं ठेवायची की एप्रिलमध्ये, ईस्टर कुठे येतो, कुणाच्या मुलीचं लग्न आहे. त्यानंतर कुणीतरी पडद्याचा ठराव मांडतो, बोटींचे मालक एका बाजूला होतात, मागे बसणारे दुसऱ्या बाजूला, आणि मतदान पुढच्या सभेवर जातं.